बोअरच्या पाण्यावर हरभरा चांगला येतो, मग पावसाळ्यात वावर काहून बसते?

वावर_दर्यापूर

नमस्कार मंडळी. आमचं गाव दर्यापूर तालुक्यात, पूर्णेच्या जवळच. जमीन काळी, खोल, उन्हाळ्यात पाय जाईल एवढ्या भेगा पडतात. माझं पाच एकर पूर्ण कोरडवाहू आहे. खरिपात मूग, मूग निघाला की उरल्या ओलीवर हरभरा. धुऱ्याच्या पलीकडं काकाचं सहा एकर. त्यांनी बरीच वर्षं झाली बोअर मारला, पाणी खारं लागलं, तरी तेव्हापासून हरभऱ्याला दोन ओलित त्याच पाण्याचे देतात, स्प्रिंकलरनं. कधी गहू, मध्ये दोन-तीन वर्षं उन्हाळी भुईमूगही घेतला.

हरभरा त्यांना माझ्यापेक्षा जवळपास दुप्पट होते, हे मी डोळ्यानं पाहतो. आता ते म्हणतात, "पाइप टाक अन् माझ्याच बोअरचं पाणी घे, काहून ओलीवर रडत बसतं?"

पण मला एक गोष्ट खटकते. खरिपात काकाचं वावर दिवसेंदिवस खराब होत चाललं. मोठा पाऊस पडला की माझ्या वावरातलं पाणी दुसऱ्या दिवशी मुरते, त्यांच्या वावरात दोन-तीन दिवस थांबते. मूग पिवळा पडते. सुकलं की वर पापडी धरते, डवरा चालत नाही, वखरलं तर डल्ले निघतात ते फुटत नाहीत. धुऱ्याच्या अलीकडं-पलीकडं जमीन एकच, आजोबाच्या काळात एकच वावर होतं. काका म्हणतात ट्रॅक्टरनं दबली. ट्रॅक्टर तर माझ्याही वावरात चालते.

बोअरचं पाणी तपासलं होतं. कागदावर दोनच आकडे आहेत: सामू ८.६, ईसी २.४. खाली लिहिलं, "ओलितासाठी मध्यम". पांढरी मिठी, म्हणजे मिठाचा थर म्हणाल तर वावरात कुठंच फुटलेला नाही. पाणी घेऊ की नको? जाणकारांनी सांगावं.

किसना_भातकुली

भौ, आमच्या इकडंही असंच पाणी आहे. दोन ओलित दिले तर काही होत नाही. ऊस-केळी घेतली तर वावर जाते, हरभऱ्यानं नाही जात. मिठी फुटली नाही म्हणता, मग भ्यायचं काम नाही. एक ध्यानात ठेवा, दुपारच्या उन्हात स्प्रिंकलर लावू नका, पानाच्या कडा जळतात. रात्री किंवा पहाटेच चालवा. हिवाळ्यात जे काही मीठ वावरात येते ते पावसाळ्यात सगळं धुऊन जाते.

शुभदा_अकोला

किसनाभाऊ, स्प्रिंकलर रात्री चालवायचा सल्ला अगदी बरोबर आहे. पण "पावसाळ्यात सगळं धुऊन जाते" यावर मला सविस्तर बोलायचं आहे, कारण दर्यापूरच्या दादांच्या प्रश्नाचं उत्तर त्याच वाक्यात अडकलंय. मी अकोल्यात माती-पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत नोकरी केली, आता निवृत्त आहे. "पाणी मध्यम" असं लिहिलेला कागद घेऊन शेतकरी निर्धास्त घरी जायचा आणि काही वर्षांनी त्याच वावराची माती पिशवीत घालून परत यायचा, हे फार पाहिलं.

ईसी म्हणजे पाण्यात एकूण क्षार किती, एवढंच. ते कोणते, हे ईसी सांगत नाही. आणि आपल्या काळ्या मातीच्या बाबतीत "किती" यापेक्षा "कोणते" याला जास्त महत्त्व आहे.

काळ्या मातीतली चिकणमाती म्हणजे अतिशय पातळ पापुद्रे. कॅल्शियम त्यांना धरून ठेवतो, त्यांच्या बारीक-बारीक गुठळ्या होतात आणि गुठळ्यांमधल्या पोकळीतून पाणी व हवा फिरते. सोडियमला ही पकड नाही. त्याचं प्रमाण वाढलं की पापुद्रे फुगतात, सुटे होतात आणि त्याच पोकळ्यांत जाऊन बसतात. मग पाणी मुरायला वाटच राहत नाही.

पण हे रब्बीत दिसत नाही, कारण पापुद्र्यांवर सोडियम बसलेला असला तरी भोवतालचं पाणी खारं आहे तोवर ते एकमेकांना चिकटून राहतात. बोअरचं खारं पाणीच हिवाळ्यात मातीची घडण टिकवून धरतं. हरभरा छान येतो, ओलित मुरतं, काही बिघडल्याची शंकाही येत नाही. जूनमध्ये पाऊस येतो. पावसाच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात. मातीतलं मोकळं मीठ थोडं खाली जातं, इथपर्यंत किसनाभाऊंचं बरोबर. पण पापुद्र्यांना चिकटलेला सोडियम पावसाने निघत नाही. त्याला हटवायला त्याच्या जागी बसणारा कॅल्शियम लागतो. मीठ गेलं, सोडियम राहिला, आणि वरून गोडं पाणी पडलं की माती सुटते, चिखल होतो, पाणी तुंबतं, सुकल्यावर पापडी आणि दगडासारखे डल्ले. काकांच्या वावराचं तुम्ही केलेलं वर्णन शब्दन् शब्द असंच आहे. नुकसान रब्बीतल्या पाण्याने होतं, दिसतं खरिपात, आणि मधल्या काळात दोष ट्रॅक्टरला जातो.

म्हणून मिठी फुटली नाही यावर जाऊ नका. पांढरे क्षार वर येतात ती खारवट जमीन. काकांच्या वावराची वाटचाल चोपणाकडे, म्हणजे सोडियमने बंद झालेल्या जमिनीकडे चालली असावी, आणि चोपण जमीन वरून पांढरी दिसेलच असं नाही. खारवट जमीन बऱ्या पाण्याने धुता येते. चोपण जमीन नुसती धुवायला जाल तर आणखी बिघडते.

आणखी एक. पुस्तकात जमीन चोपण ठरवायला विनिमययोग्य सोडियम, म्हणजे पापुद्र्यांना चिकटलेल्या कॅल्शियम, मॅग्नेशियम वगैरेंत सोडियमचा वाटा, १५ टक्के ही मर्यादा दिलेली असते. पूर्णा खोऱ्यातल्या काळ्या मातीवर नागपूरच्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण संस्थेच्या शास्त्रज्ञांनी काम केलं, त्यात ५-६ टक्क्यांपासूनच निचरा ढासळताना दिसला. त्यामुळे माती तपासणीत ८ टक्के आले आणि शेरा "सामान्य" असला तरी आपल्याकडे ती सामान्य नाही.

हा खारेपणा कुणी कालपरवा आणलेला नाही. अकोला, अमरावती, बुलडाण्यातल्या या पट्ट्यात विहिरींचं पाणी मुळातच इतकं खारं, की १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात दहीहंड्याला समुद्राशिवाय विहिरीच्या पाण्यापासून मीठ काढलं होतं. आपले आजे-पणजे या पाण्यावर ओलित करत नव्हते. कापूस, ज्वारी, तूर, आणि ओलीवरचा हरभरा. बोअर आणि सबमर्सिबल आल्यावर हे पाणी वावरात फिरायला लागलं.

आता दोन कामं करा. पहिलं घरीच. काकांच्या वावरातून आणि तुमच्या वावरातून वाटाण्याएवढे सुके ढेकूळ घ्या. काचेचे चार ग्लास. दोनांत साठवलेलं पावसाचं पाणी, ते नसेल तर बॅटरीत घालायचं पाणी. दोनांत बोअरचं पाणी. प्रत्येकात एक ढेकूळ हळूच सोडा आणि रात्रभर अजिबात हलवू नका. ढेकूळ नुसतं ढासळून तळाशी ढीग झाला तर काळजी नाही, कोणतीही सुकी काळी माती तशी पडते. पण भोवताली दुधासारखा गढूळ ढग पसरला आणि सकाळपर्यंत बसला नाही, तर सोडियमने माती सोडवली आहे.

दुसरं, पाणी परत तपासा आणि या वेळी सोडियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम, कार्बोनेट, बायकार्बोनेट हे सगळे वेगवेगळे मागा. माती दोन थरांतून द्या, ० ते ३० आणि ३० ते ६० सेंटिमीटर, दोन्ही वावरांची. आकडे इथे टाका.

मिरजेचा_ऊसवाला

ताईंनी छान सांगितलं. आमच्याकडची गोष्ट थोडी वेगळी आहे म्हणून लिहितो. आमचं कृष्णेचं पाणी गोडं, तरी नदीकाठच्या जमिनी क्षारपड झाल्या. वर्षानुवर्षं उसाला मोकाट पाणी, खालचं पाणी वर आलं, त्याच्याबरोबर खालचे क्षार वर आले, आणि वरचं पाणी उडून क्षार तेवढे मागे राहिले. त्यामुळे पाणी गोडं आहे म्हणून निश्चिंत राहता येत नाही. आमच्या भागात जमिनीखाली सच्छिद्र पाइप टाकून बऱ्याच जमिनी परत पिकायला लागल्या. दर्यापूरकरांनी तसा निचरा का करू नये?

शुभदा_अकोला

ऊसवाले दादा, तुमच्याकडे पाइपने जमीन सुधारते, कारण पाणी मुरून पाइपापर्यंत पोचतं आणि पाइपातलं पाणी सोडायला ओढा-नाला खालच्या पातळीवर मिळतो. इथे सोडियममुळे माती वरच बंद झालेली, पाणी पाइपापर्यंत जाणारच नाही. शिवाय पूर्णेकाठचा प्रदेश इतका सपाट की पाइपाचं तोंड सोडायचं कुठे हाच प्रश्न. आधी कॅल्शियम देऊन माती उघडायची, निचऱ्याचं त्यानंतर. उघडे चर मात्र इथे उपयोगी पडतात, वरचं तुंबलेलं पाणी काढायला.

"थोडं जास्त पाणी द्या म्हणजे क्षार मुळांच्या खाली जातील" हा सल्लाही पुस्तकात असतो. हलक्या, मुरमाड जमिनीत तो खरा. इथे जास्त दिलेलं पाणी खाली जात नाही, वरच उडतं, आणि त्यातला क्षार तेवढा वाढीव पडतो.

वावर_दर्यापूर

शुभदाताई, ग्लास ठेवले होते. माझ्या वावराचं ढेकूळ दोन्ही पाण्यात पडलं, पण वरचं पाणी निवळ. काकाच्या वावराचं बोअरच्या पाण्यात अगदी निवळ राहिलं. पावसाच्या पाण्यात मात्र तासाभरात ढग धरायला लागला अन् सकाळी पाहतो तं ग्लासातून पलीकडचं दिसेना. एकच माती, एकच रात्र. काकाला आणून दाखवलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "म्हणजे पाऊसच वैरी झाला का रे?"

रिपोर्टही आले. बोअरचं पाणी, आकडे मिलिसममूल्य प्रति लिटर: सोडियम १९, कॅल्शियम १.६, मॅग्नेशियम ३, कार्बोनेट १.२, बायकार्बोनेट ९.४. ईसी तेच, २.४.

मातीत विनिमययोग्य सोडियम: काकाचं वावर वरच्या थरात १२ टक्के, खाली १५. माझं वर ३.५, खाली ७. मी एक थेंब ओलित केलं नाही, मग माझ्या खालच्या थरात ७ कसे आले?

शुभदा_अकोला

काकांना सांगा, पाऊस वैरी नाही. पावसाने नुसतं दाखवून दिलं.

आधी तुमचा शेवटचा प्रश्न. कोरड्या हवेत या मातीतला कॅल्शियम बायकार्बोनेटशी जुळून चुनखडीच्या रूपात बाजूला पडतो. खोल खणलं की पांढरे खडे लागतात ते हेच. कॅल्शियम असा अडकत गेला की उरलेल्यात सोडियमचा वाटा आपोआप वाढतो. हे निसर्गत: फार सावकाश चालतं, आणि खालच्या थरात आधी. तुमची जमीन आधीच त्या वाटेवर आहे, बोअरचं पाणी तिला वेगाने पुढे ढकलेल.

आता पाणी. कार्बोनेट आणि बायकार्बोनेट मिळून १०.६. त्यातून कॅल्शियम-मॅग्नेशियमचे ४.६ वजा करा, उरले ६. याला अवशिष्ट सोडियम कार्बोनेट म्हणतात, आरएससी. १.२५ च्या आत पाणी चांगलं, २.५ पर्यंत जपून, त्याच्या वर ओलिताला अयोग्य धरतात. तुमचं ६ आहे. म्हणजे पाण्यातला स्वत:चा कॅल्शियम तर चुनखडी होऊन बसणारच, वर ते मातीतलाही ओढून घेईल. सोडियमचं शोषण गुणोत्तर, म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या तुलनेत सोडियम किती जोरकस, ते साडेबारा येतं, तेही या मातीला जड. ज्या कागदावर "मध्यम" लिहिलं होतं त्यात यातलं काहीच नव्हतं.

क्षार किती पडतो ते बघा. ईसी २.४ म्हणजे लिटरमागे साधारण दीड ग्रॅम क्षार. दोन इंचांचं एक ओलित म्हणजे एकरी दोन लाख लिटर पाणी. म्हणजे एका ओलिताला एकरी ३०० किलो. युरियाच्या गोणीच्या मापाने सहा-सात गोण्या, आणि त्यातला मोठा हिस्सा सोडियमचा. काका वर्षाला दोनदा देतात. उन्हाळी भुईमुगाच्या वर्षी याच्या कितीतरी पट गेलं असेल, कारण उन्हाळ्यात पाळ्या जास्त. माझं ठाम मत आहे की काकांचं वावर हरभऱ्यापेक्षा त्या दोन-तीन उन्हाळ्यांनी जास्त खचलं. या पाण्यावर उन्हाळी पीक घेऊच नये, भाव कितीही असो.

यावर इलाज जिप्सम, म्हणजे कॅल्शियम सल्फेट. त्यातला कॅल्शियम सोडियमच्या जागी बसतो, आणि सुटा झालेला सोडियम सल्फेट होऊन पाण्याबरोबर खाली जाऊ शकतो. तुमच्या पाण्याचा आरएससी ६ वरून २.५ वर आणायला दर ओलितामागे एकरी सुमारे ६० किलो शुद्ध जिप्सम लागेल. बाजारातलं ७० टक्के शुद्धतेचं धरलं तर ८५ ते ९० किलो. हे फक्त येणाऱ्या पाण्याच्या बंदोबस्तासाठी. काकांच्या मातीत आधीच बसलेला सोडियम काढायचा खर्च वेगळा. वरच्या १५ सेंटिमीटरमध्ये १२ टक्क्यांवरून ५ वर यायचं तर आपल्या भारी जमिनीला एकरी दोन-अडीच टन जिप्सम लागतं. ते एकदम न टाकता दोन-तीन वर्षांत विभागून टाका.

टाकायची वेळ महत्त्वाची. मे महिन्याच्या शेवटी वखराच्या पाळीने वरच्या चार-सहा बोटांत मिसळा, खोल गाडू नका. पहिल्या पावसाचं पाणी जिप्सममधून जाताना थोडं विरघळलेलं जिप्सम घेऊन मातीत उतरतं, तेवढ्यानेही पापुद्रे सुटत नाहीत. ग्लासात जो ढग दिसला तो वावरात होऊ द्यायचा नाही, म्हणून पावसाच्या आधी. हवं तर ग्लासातच करून बघा, पावसाच्या पाण्यात आधी चिमूटभर जिप्सम ढवळा आणि मग काकांच्या वावराचं ढेकूळ सोडा.

शेणखत आणि धैंचा हे हिरवळीच्या खताचं पीक जोडीला घ्याच. धैंचा फुलावर यायच्या आधी गाडा. कुजताना तयार होणारा कार्बन डायऑक्साइड चुनखडी थोडी-थोडी विरघळवतो, म्हणजे जमिनीतला अडकलेला कॅल्शियम आपल्याला फुकट मिळतो.

किसना_भातकुली

ताई, ग्लास मीही ठेवले. आमच्या बोअरखालच्या वावराचाही ढग झाला. मिठी फुटत नाही म्हणून आम्ही सारे निवांत होतो.

दर्यापूरवाले भौ, जिप्सम घेताना गोणीवरची टक्केवारी पाहून घ्या. ओलं झालेलं, ढेपळं झालेलं घेऊ नका, ते पसरत नाही. वारा नसलेल्या सकाळी पसरवा.

वावर_दर्यापूर

ताई, मग माझ्या पाच एकराचं काय करू? मागच्या वर्षी शेततळं घेतलं, प्लास्टिक अंथरलेलं, दिवाळीपर्यंत भरलेलं राहते. पण त्या पाण्यात पाचही एकराला एकच ओलित होते. त्यात बोअरचं मिसळून दोन करू का?

शुभदा_अकोला

शेततळं आहे हे आधी सांगायला हवं होतं दादा, तुमचा अर्धा प्रश्न तिथेच सुटला!

निम्मं-निम्मं मिसळलं तर ईसी आणि आरएससी जवळपास अर्ध्यावर येतील, म्हणजे आरएससी ३. तरी अडीचच्या वरच. सोडियमचं गुणोत्तर तर अर्धंही होत नाही, साडेबाराचं नऊच्या आसपास येईल. शिवाय तळ्यातलं सगळं चांगलं पाणी तुम्ही स्वत:च्या हाताने बिघडवलेलं असेल.

त्यापेक्षा एकच ओलित द्या, तळ्याचंच, फुलं लागायच्या आधी, पेरणीनंतर महिना-सव्वा महिन्याने. हरभरा क्षाराला नाजूक पीक आहे, कोवळेपणी तर फारच. घाटे भरताना जमिनीला हात लावून बघा. ओल असेल तर बोअरकडे जाऊच नका. अगदीच तडा गेला आणि पीक हातचं जाणार असेल, तरच बोअरचं एक हलकं ओलित, आणि ज्या एकरांना ते दिलं तिथे मे महिन्यात त्या हिशेबाचं जिप्सम. सगळ्या पाच एकरांना नको. दरवर्षी तर नकोच.

काकांनी हरभरा थांबवून दोन-तीन हंगाम करडई घ्यावी. ती क्षार बऱ्यापैकी सोसते, मुळं खोल जातात आणि ओलीवर निघते, बोअर चालवावाच लागत नाही. ज्या एकरांवर करडई नसेल तिथे खरिपात मुगाऐवजी कापूस, तोही क्षाराला हरभऱ्या-मुगापेक्षा पुष्कळ काटक. फक्त उगवताना त्यालाही त्रास होतो, म्हणून सरी-वरंब्यावर लावा, पाणी सरीतून निघून जाईल. वावराच्या उताराच्या बाजूला एक उघडा चर काढा.

माती परत तपासाल ती पुढच्या वर्षी मे महिन्यात, जिप्सम टाकायच्या आधी, याच दोन थरांतून आणि याच जागांवरून. धुऱ्यापासून पावलं मोजून वहीत लिहून ठेवा, नाहीतर आकडे एकमेकांशी ताडून बघता येणार नाहीत.

वावर_दर्यापूर

पाइप टाकणं रद्द केलं. काका करडईला हो म्हणाले, दोन एकरावर यंदाच, बाकीच्यावर पुढच्या साली. बोअर बंद करायला मात्र अजून तयार नाहीत. चिमूटभर जिप्समचा ग्लास आज रात्री ठेवतो, त्यांच्याच ओसरीवर.